गॅमा ६० ला नक्षी का येत नाही : प्रकल्प नोंदी

४ डिसेंबर

विषय ठरला. वाढत्या जिवाच्या अंगावर पट्टे, ठिपके कसे उमटतात आणि त्यासाठी पेशी कशा हलतात, याचं गणित. एम.एस्सी. गणिताच्या शेवटच्या वर्षाला बहुतेक जण संख्याशास्त्रातलं काहीतरी सोपं उचलतात, त्यामुळे सरांनी आधी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग दोन अटी घातल्या. वही रोज लिहायची, आणि जे चुकलं ते आधी लिहायचं. जोडीला प्राणिशास्त्राची एक मुलगी मिळाली आहे, मूळची शहाद्याची. तिला इथे ‘शहादेवाली’च लिहिणार, कारण सगळं हॉस्टेल तिला तेच म्हणतं.

सुरुवात १९५२ पासून. संगणकवाला ट्युरिंग तोच हा. त्याने त्या वर्षी लिहिलं की दोन रसायनं एकमेकांशी झटापट करत असतील आणि पसरण्याचा वेग दोघांचा वेगळा असेल, तर एकसारख्या ऊतीत आपोआप नक्षी उभी राहू शकते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटलंच नाही. विसरण, म्हणजे रसायनाचं आपोआप पसरत जाणं, हे सगळं सपाट करणारं. पाण्यात हळद टाकली की ती पसरते; पसरलेली हळद पुन्हा गोळा होऊन पट्टे पाडते असं कुणी पाहिलंय? आणि हा माणूस म्हणतो, विसरणच सपाटी मोडतं.

७ डिसेंबर

मॉडेल निवडलं : श्नाकेनबर्गचं, १९७९ चं. दोनच समीकरणं, आणि कागदावर पूर्ण सोडवता येतात, हे महत्त्वाचं. यू हे रसायन व्ही खातं आणि त्यातून आणखी यू तयार होतं. व्ही सगळीकडे सारखं पुरवलं जातं. यू हळू पसरतं, व्ही भराभर.

समजायला मला चोपड्याच्या मामांची बाग उपयोगी पडली. यू म्हणजे बोअर, व्ही म्हणजे जमिनीखालचं पाणी. ज्याच्या बोअरला पाणी लागलं त्याच्याकडे पैसा आला, की तो दुसरी मारतो. बोअर जागची हलत नाही, पाणी मात्र लांबून ओढलं जातं, आणि शेजारच्या चार शेतांतल्या विहिरी उतरतात. म्हणजे एका ठिकाणी हिरवीगार केळी, मग कोरडा पट्टा, मग पुन्हा केळी. कुणी आखून दिलेलं नाही तरी अंतर पडतं.

मामांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “आणि पाऊस? दरसाल पाऊस पडतो तो धरला का तू? आणि मोटर जळते, बोअर बुजते, ते?” धरलंय. समीकरणातला बी हा पाऊस, ०.९ घेतला. वजा यू म्हणजे बुजणाऱ्या बोअरी. एक छोटा ए आहे, ०.१, म्हणजे कुणीतरी उगाच नशीब आजमावून मारलेली नवी बोअर. मामांनी समीकरण न बघता तपासलं.

११ डिसेंबर

चुकलेलं आधी. प्रोग्राम चालवला आणि पडद्यावर सगळीकडे ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडाच नाही’. चाळिसाव्या पावलाच्या आतच आकडे अनंतात गेले.

कारण लाजिरवाणं आहे. रसायनं ज्या पट्टीवर पसरतात तिची लांबी १, तिचे १०० भाग, म्हणजे दोन बिंदूंतलं अंतर ०.०१. व्हीचं विसरण यूच्या दहापट. साध्या पद्धतीत वेळेचं पाऊल अंतराच्या वर्गाला विसरणाच्या दुपटीने भागून येतं त्याहून मोठं चालत नाही. इथे ती मर्यादा ०.०००००५ आहे आणि मी ०.०००१ घेतलं होतं, वीसपट मोठं. हे आम्हाला दुसऱ्या सत्रात शिकवलंय, मी परीक्षेत लिहिलंय, गुणही मिळालेत.

आता पाऊल ०.०००००४. दहा एकक वेळेसाठी २५ लाख पावलं. लॅपटॉप तापतो, पण चालतो.

१३ डिसेंबर

कागद-पेन्सिल. नक्षी नसलेली स्थिती : यू १, व्ही ०.९. तिथे जॅकोबियन (छोट्या धक्क्याचं पुढे काय होतं ते सांगणारा चार आकड्यांचा चौकोन) काढला तर ०.८, १, −१.८, −१. कर्णाची बेरीज −०.२, निश्चयक १. म्हणजे विसरण नसेल तर स्थिती पक्की, धक्का दिला तरी परत येते. आता विसरण घातलं. व्ही यूच्या डी पट वेगाने पसरत असेल तर नक्षीसाठी ०.८डी − १ चा वर्ग ४डी पेक्षा मोठा हवा. सोडवलं. डी किमान ८.५७.

म्हणजे पाचपट वेग असेल तर काही नाही. आठपट असेल तरी काही नाही. नऊपटीला नक्षी. मला वाटतं याच अटीमुळे रसायनशास्त्रज्ञांना ट्युरिंगची नक्षी प्रत्यक्ष दाखवायला १९९० उजाडावं लागलं. द्रावणातल्या छोट्या रेणूंचे पसरण्याचे वेग एकमेकांच्या जवळच असतात, दहापट फरक आणायचा कुठून? फ्रान्समध्ये बोर्दोच्या गटाने ते जेलमध्ये साधलं. ट्युरिंग १९५४ मध्येच गेला होता.

१८ डिसेंबर

आली! डी १०, गॅमा २९ (पट्टी केवढी ते सांगणारा समीकरणातला आकडा). पट्टीच्या एका टोकाला यू वर, दुसऱ्या टोकाला खाली. दिसायला अगदीच साधं, एक उतार फक्त. पण सुरुवातीला मी नुसता एक टक्क्याचा गोंगाट, म्हणजे कसेही पडलेले बारीक चढउतार, टाकला होता, दिशा सांगितली नव्हती. पुन्हा चालवलं तर उतार उलट्या बाजूला. कागदावर वाढीचा दर १.६२ आला होता. आलेखावर लॉग घेऊन मोजला तर तोच.

तिसऱ्यांदा चालवताना लाईट गेली. बॅटरी मेलेली आहे, त्यामुळे लॅपटॉपही गेला. मधली उत्तरं फाइलमध्ये साठवायला आजपासून शिकले.

२० डिसेंबर

अमळनेरला घरी. आजीला पडद्यावरचा आलेख दाखवला. तिने चष्मा लावून नीट पाहिलं. “पट्टा उनात का नही?” म्हटलं, एक आलाय, अर्धा. ती म्हणाली मग पुरा आला की बोलाव.

२२ डिसेंबर

आजीला पुरा पट्टा दाखवायचा म्हणून गॅमा वाढवला. गॅमा म्हणजे खरं तर पट्टीच्या लांबीचा वर्ग. तो वाढवणं म्हणजे प्राणी मोठा करणं. २९ ला अर्धी लाट आली तर ६० ला एक पूर्ण यावी असा साधा हिशोब. चालवलं. काहीच नाही. गोंगाट विरून दोन आडव्या रेषा, एक १ वर, एक ०.९ वर.

२३ डिसेंबर

गॅमा ६०. काही नाही. कडांच्या अटी पुन्हा लिहिल्या. काही नाही.

२४ डिसेंबर

काही नाही. कोड पहिल्यापासून लिहिला. गोंगाट बदलला, बिंदू २०० केले, पाऊल त्या मानाने चौपट लहान केलं, रात्री दोनपर्यंत बसले. २९ ला दर वेळी नक्षी येते, ६० ला दर वेळी सपाट. शहादेवालीला फोन केला तर म्हणाली, “मोठ्या प्राण्याला कमी नक्षी? असं कुठं असतं का?” मला रडू यायचं बाकी होतं.

२६ डिसेंबर

सापडलं, आणि कोडमध्ये नव्हतंच.

जळगावला परत निघाले, गाडीत खिडकी मिळाली. लॅपटॉप काढायला जागा नाही म्हणून वही काढली. डी १० असताना कोणत्या लाटा वाढतात ते पाहायचं होतं. लाटेच्या के या आकड्याचा (लाट जितकी आखूड तितका के मोठा) वर्ग ०.२ गॅमा ते ०.५ गॅमा या पट्ट्यात बसला तरच ती लाट वाढते, बाकीच्या मरतात. आता पट्टीच्या कडा बंद आहेत, आतलं बाहेर जात नाही, त्यामुळे लाटाही वाटेल त्या चालत नाहीत. अर्धी, एक, दीड, अशा अर्ध्या-अर्ध्याने. म्हणजे केचा वर्ग ९.८७, मग त्याच्या चौपट ३९.४८, मग नऊपट ८८.८३. मधलं काही नाही.

गॅमा २९ : पट्टा ५.८ ते १४.५. त्यात ९.८७ बसतो. नक्षी.

गॅमा ६० : पट्टा १२ ते ३०. त्यात ९.८७ नाही, ३९.४८ ही नाही.

धरणगाव येईपर्यंत सगळा तक्ता झाला. गॅमा १९.७ च्या खाली काही नाही, प्राणी फारच लहान. १९.७ ते ४९.३ अर्धी लाट. ४९.३ ते ७९ पुन्हा काही नाही. ७९ ते १९७ एक पूर्ण लाट, आणि ती संपायच्या आत १७८ पासून दीडची सुरू, मग पुढे खंड नाहीच. शाळेत बाकावर बसवतात तसं आहे : दोघांचा बाक, तिघांचा बाक, आणि अडीच जण आले तर कुठेच नीट बसत नाहीत. मी नेमकी अडीचवाली जागा निवडली होती.

तीन दिवस मी जे चूक समजून शोधत होते ते बरोबर उत्तर होतं. समोर बसलेल्या काकूंनी विचारलं, “पेपर आहे का बाई?” म्हटलं, हो, झाला.

हॉस्टेलवर पोचताच गॅमा १०० चालवलं. दीड मिनिटात पूर्ण लाट. आजीला फोटो पाठवला, चुलतभावाच्या फोनवर.

२९ डिसेंबर

सरांना दाखवलं. ते खूश झाले पण लगेच पाणीही ओतलं. “ही फट प्राण्यात आहे की तुझ्या आकड्यांत?” डी जरा वाढव म्हणाले. वाढवला. डी २० ला अर्ध्या लाटेचा पल्ला १४.६ ते १३३, पूर्ण लाटेचा ५८.४ पासून सुरू. फट गायब. नेमकी कधी मिटते ते काढलं : पट्ट्याचं वरचं टोक खालच्याच्या चौपट झालं की, म्हणजे डी १२.१४ ला.

तेव्हा फट ही डी उंबरठ्याच्या जवळ असतानाची गोष्ट. ८.५७ ते १२.१४ मध्ये. कोणत्याही खऱ्या माशाला मी ती चिकटवणार नाही. पण प्रकरण तीन या फटीवरच लिहायचं ठरलं.

२ जानेवारी

मामांच्या मळ्यात भरीत पार्टी. असोद्याची वांगी, काड्यांच्या जाळावर भाजलेली, वर कळण्याची भाकरी. कामाची नोंद एवढीच की मामांनी केळीच्या पानावर करप्याचे ठिपके दाखवून विचारलं, “हे पण तुझ्या गणितात येतात का?” नाही येत. करपा ही बुरशी. बीजाणू जिथे पडला आणि ओल मिळाली तिथे ठिपका. ठिपक्यांमध्ये ठरलेलं अंतर नाही, दोन ठिपके एकमेकांत मिसळतात. दिसली नक्षी की लाव ट्युरिंग, असं करायचं नाही. मामांना उत्तर आवडलं नाही. त्यांना वाटलं मी औषध सांगीन.

आणखी एक. जाळाचा धूर सुटला तसे बांधाबांधावरून लोक आले, आणि लोक जमले तसा गलका वाढून आणखी लोक आले. हे पुढे लागणार आहे.

९ जानेवारी

शहादेवालीचं आणि माझं भांडण. ती म्हणते, “तुझ्या सगळ्या प्रकरणात एक तरी पेशी आहे का? नुसती दोन रसायनं पळवू राहिली तू.” खरं आहे. विषयाच्या नावात पेशींची हालचाल आहे.

तिने डिक्टिओस्टेलियम आणून ठेवलं पुढ्यात, कागदावर. मातीतला अमीबा. जिवाणू खायला आहेत तोवर प्रत्येक जण आपापला. उपासमार झाली की काही पेशी सायक्लिक एएमपी नावाचं रसायन सोडतात, साधारण दर सहा मिनिटांनी एक ठोका. शेजारची पेशी तो ओळखते, त्या दिशेला सरकते आणि स्वतःही ठोका देते. असे लाखभर एकत्र येतात, त्यांची दोन-चार मिलिमीटरची गोगलगाय बनते, ती चालत जाते, आणि शेवटी देठ व बीजाणू. सुमारे एक पंचमांश पेशी देठ होऊन मरतात, बाकीच्यांना उंच उचलून धरायला. शहादेवाली हे सांगताना जरा गप्प झाली. मीही.

याचं गणित केलर आणि सेगेल यांनी १९७० मध्ये मांडलं. पेशी आपसूक पसरतात, तो एक भाग. वासाच्या चढाकडे सरकतात, तो दुसरा. आणि वास त्याच पेशी सोडतात. मळ्यातली भरीत पार्टी.

१६ जानेवारी

केलर–सेगेल चालवलं. ओढीचा आकडा ५, बाकी सगळं १. कागदावर : ओढ गुणिले घनता १ च्या वर गेली की सपाटी मोडते, आणि सगळ्यात जलद वाढणारी लाट ५.७ लांबीची. २० लांबीच्या पट्टीवर साडेतीन ढीग यायला हवेत. आले : तीन पूर्ण, एक कडेला अर्धा. या वेळी आधी कागद, मग कोड. शिकले म्हणायचं.

मग नवीनच. रात्रभर चालू ठेवलं तर सकाळी दोनच ढीग उरले होते. मोठा ढीग छोट्याचे लोक ओढून नेतो. ट्युरिंगची नक्षी आपलं अंतर धरून ठेवते. ही धरत नाही. अमीबाला अंतर नकोच आहे, त्याला एकत्र व्हायचंय. पण माशाच्या अंगावरचे पट्टे असे एकमेकांना गिळायला लागले तर मासा म्हातारपणी एकरंगी होईल.

२० जानेवारी

दोन मितींत चालवलं, पुन्हा ‘नॅन’. पाऊल लहान केलं, तरी तेच. पण या खेपेला लगेच कोड फाडला नाही. हे मॉडेल दोन मितींत, पेशी ठरावीक संख्येपेक्षा जास्त असल्या तर, खरोखरच फुटतं. घनता मर्यादित वेळात अनंत होते, हे सिद्ध झालेलं आहे. पेशीला मात्र अनंत होता येत नाही, तिला जागा लागते. पेंटर आणि हिलेन यांनी २००२ मध्ये सुचवल्याप्रमाणे ओढीला एक गुणक लावला, जागा भरत आली की ओढ शून्याकडे. एसटीत उभं राहायलाही जागा नसली की कंडक्टर दारातूनच “मागची गाडी घ्या” म्हणतो, तेवढंच. ढीग आता सपाट माथ्याचे येतात.

२५ जानेवारी

शहादेवालीने जळगावच्या एका मत्स्यालयाच्या दुकानातून सहा झेब्रा मासे आणले. लॅबच्या जुन्या काचपेटीत सोडले. हा मासा परदेशी प्रयोगशाळांत इतका गाजला, पण आहे गंगा–ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टनने वर्णन केलं तेही इथलंच.

इथे मला पेशी सापडल्या. काळ्या पट्ट्यांत काळ्या रंगपेशी, मधल्या जागेत पिवळ्या, आणि चमकणाऱ्या वेगळ्याच. जपानमध्ये कोंडोच्या गटाने काळ्या-पिवळ्या पेशी बशीत शेजारी ठेवून पाहिल्या : पिवळी पेशी हात लांबवून काळीला शिवते, काळी दूर पळते, पिवळी मागे लागते. खेळातली शिवाशिवीच, फक्त राज्य कायम एकाच पेशीवर. लेझरने पट्ट्याचा तुकडा जाळला तर पट्टे परत येतात, पण जागा तीच असेल असं नाही. म्हणजे पट्ट्याचा पत्ता कुठे लिहून ठेवलेला नाही.

म्हणजे ‘रसायन पसरतं’ हे शब्दशः धरायची गरज नाही. जवळच्याला साथ, लांबच्याला अडवणूक, एवढं असलं की पुरे. ती अडवणूक रेणू करो की पेशीचा लांब हात. हेच १९७२ मध्ये गीअरर आणि माइनहार्ट यांनी म्हटलंय. ते वाक्य मी डिसेंबरात वाचलं होतं, खाली रेघही मारली होती, आणि कळलं आज.

५ फेब्रुवारी

मामांनी पाठवलेली केळी हॉस्टेलवर जास्त पिकली, चिलटं झाली. रूममेट ओरडली. शहादेवाली म्हणाली मारू नका, ही फळमाशीच, हिच्या गर्भातही पट्टे असतात, सात. मी लगेच गॅमा काढायला बसले.

सरांनी थांबवलं. या माशीच्या गर्भात ‘इव्हन-स्किप्ड’ जनुकाचे सात पट्टे उमटतात, एकसारखे, ट्युरिंगसाठीच केल्यासारखे. पण या पट्ट्यांसाठी डीएनएवर वेगवेगळे तुकडे आहेत, काही एकाच पट्ट्याचे, काही दोन पट्ट्यांत मिळून एक. दुसऱ्या पट्ट्याला बायकॉइड आणि हंचबॅक ही प्रथिनं चालू करतात, एका कडेला जायंट, दुसऱ्या कडेला क्रुपेल अडवतात. सात पट्ट्यांसाठी एक सुंदर समीकरण नाही. सरकारी कामासारख्या वेगवेगळ्या फाइली. मला हे जरा कुरूपच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण प्रबंधात एक पान याचं घातलं, आणि करप्याचंही.

१५ फेब्रुवारी

शेवटची खेप : वाढती पट्टी. समुद्रातल्या एंजलफिशच्या पिल्लावर दोन सेंटिमीटरला तीन पट्टे असतात. चार सेंटिमीटर झाला की जुन्या पट्ट्यांच्या मध्ये नवे उगवतात. कोंडो आणि असाई, १९९५. आमच्या पट्टीवर गॅमा हळूहळू वाढवला. शिखर रुंद झालं, माथ्याला खळगा पडला, दोन शिखरं. मग दोनांची चार. उघड्या डोळ्यांनी आलेख हलताना बघत बसले, चहा गार झाला.

आजीला व्हिडिओ पाठवला. तिचं उत्तर, चुलतभावाने टाइप केलेलं : “आते बरं व्हयनं.”

१० मार्च

छपाई. ऊन आतापासूनच चाळीसकडे निघालंय, दुकानात पंखा नव्हता. चार प्रती, काळ्या-पांढऱ्या, बांधणीला दिल्या. संध्याकाळी आणल्या आणि रात्री चाळताना लक्षात आलं की पान ३१ एकाही प्रतीत नाही. ३० नंतर थेट ३२.

सकाळी दुकानात गेले. पान ३१ म्हणजे आकृती ३.४ : गॅमा ६०, आडवी जागा, उभा वेळ, यूचं मूल्य राखाडी छटेत. तळाशी केसाएवढा गोंगाट, वर सगळा एकसारखा फिकट राखाडी चौकोन. दुकानदार काका म्हणाले, “ताई, त्या पानावर काहीच आलं नव्हतं, नुसता टोनर पसरला होता. मी तीनदा काढून बघितलं, दर वेळी तसंच. खराब दिसतं म्हणून काढून टाकलं.”

चारही प्रती पुन्हा उसवून बांधायचे ऐंशी रुपये दिले.